शुगरच्या शेजारचे आकडे: एका पानाची वही कशी ठेवायची

सांगलीतल्या एका लॅबमध्ये मी २७ वर्षं रक्त काढलं. सकाळी सातपासून उपाशीपोटी आलेल्यांची रांग, मग खाऊन दोन तासांनी परत येणारे, आणि संध्याकाळी खिडकीतून रिपोर्टांचं वाटप. पाकीट उघडलं की माणसाची नजर एकाच ओळीवर जाते: फास्टिंग शुगर. "नॉर्मल आहे ना ताई?" मी मान हलवली की बाकीचे कागद घडी होऊन पिशवीत जायचे.

माझा थोरला भाऊ तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतो. त्याचं रक्त मीच काढायचे. चार वर्षांची फास्टिंग: ११२, ११८, ११५, १२१. "बॉर्डरला आहे दादा, भात कमी कर," एवढं बोलून मी पुढच्या नळीला लेबल लावायला घ्यायचे. मग एका ऑक्टोबरात, छाटणी चालू असताना, त्याला बागेतच दरदरून घाम आला. मळमळलं, जबडा जड झाला. छातीत दुखलं नाही. पित्त असेल म्हणून वहिनीनं थंड दूध दिलं. तो दिवस गेला, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला तेव्हा अॅटॅक येऊन चोवीस तास झाले होते. वय ५१. अँजिओप्लास्टी होऊन तो वाचला, पण तेवढ्या वेळात हृदयाचा जो स्नायू मेला तो परत आला नाही.

तो घरी आल्यावर मी त्याचे जुने रिपोर्ट एका आखीव कागदावर ओळीनं उतरवले. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी: २१०, २३८, २४४, २६२. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल: ३६, ३५, ३३, ३३. गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर बीपी १३८/८८, १४२/९०, १४८/९२. वहिनीनं सांगितलं, चार वर्षांत पँट ३४ वरून ३८ वर गेली. एकही आकडा नवीन नव्हता. निम्मे तर मीच टाइप केले होते. फक्त ते कधी एका पानावर आले नव्हते.

तेव्हापासून मी ज्याला भेटते त्याला एक वही करायला सांगते. कशी करायची ते इथं लिहिते.

आधी, शुगरचा आणि हृदयाचा संबंध काय

दादाला मी त्याच्याच भाषेत समजावलं. ड्रिपचे ड्रिपर क्षारांनी चोंदायला लागले की आपण काय करतो? मोटारीचा दाब वाढवतो, जास्त वेळ चालवतो. वेलीला पाणी मिळत राहतं, पानं हिरवी दिसतात. पण त्या दाबानं जोड निसटतात आणि मोटार तापत राहते. शरीरात इन्सुलिनचं तसंच होतं. पोटात आणि लिव्हरमध्ये चरबी साठली की स्नायू आणि लिव्हर इन्सुलिनला नीट दाद देईनासे होतात. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं. त्या जोरावर शुगर कित्येक वर्षं आटोक्यात दिसते. त्या वर्षांत लिव्हर रक्तात जास्त ट्रायग्लिसराइड सोडत असतं, एचडीएल खाली येतं, एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे कण बारीक आणि संख्येनं जास्त होतात, किडनी मीठ धरून ठेवते म्हणून बीपी चढतं, आणि रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खराब होत जातं. स्वादुपिंड थकलं की शेवटी शुगर वाढते. म्हणजे फास्टिंग १२६ ला पोचून "डायबेटिस" हा शब्द कागदावर येतो, तेव्हा हृदयाच्या वाहिन्यांनी बरीच वर्षं सोसलेलं असतं.

अमेरिकेतल्या जेराल्ड रीव्हन या डॉक्टरांनी १९८८ मध्ये या सगळ्याची एकत्र मोट बांधून त्याला सिंड्रोम एक्स म्हटलं. आज त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पाच गोष्टी बघायच्या: कंबर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, फास्टिंग १०० किंवा वर. पाचांतल्या तीन जुळल्या की झालं. दादाच्या पाचही जुळत होत्या, आणि त्याला डायबेटिस "नव्हता".

कंबर शिंप्याच्या टेपनं मोजा

वहीतला पहिला रकाना कंबरेचा ठेवा. याला पैसे लागत नाहीत आणि सहसा हा आकडा लवकर बिघडतो. सरळ उभं राहा. बोटांनी शेवटची बरगडी चाचपा, मग खाली कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा. दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप आडवी, मागूनही सरळ. श्वास सोडा, पोट आत ओढू नका, मग वाचा. पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाखाली घालता येते. साडीच्या नाडीच्या जागीही मोजू नका. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही हद्द. युरोपियन पुरुषांना ती ९४ धरतात, आपल्याला कमी, कारण आपलं शरीर कमी वजनातच पोटावर चरबी साठवतं.

यावर पुण्यात फार मोठं काम झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं अभ्यासत आले. आपली बाळं जन्मतः वजनानं कमी, हातापायांनी बारीक, पण त्यांच्यात चरबीचं प्रमाण मात्र इंग्लंडच्या बाळांच्या मानानं टिकून, असं त्यांनी दाखवलं. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. "मी तर बारीक आहे" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते.

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे, वय २६, वजन ६६ किलो. दिवाळीत टेप लावली तर ९३. "आत्या, मला कोण जाडा म्हणेल?" असं म्हणाला. तपासणीत ट्रायग्लिसराइड १९० आणि सोनोग्राफीत पहिल्या ग्रेडचं फॅटी लिव्हर निघालं. सोनोग्राफीच्या कागदावरची ही ओळ सगळेच सोडून देतात. ती वहीत लिहा. ड्रिपर चोंदायला लागल्याची ती एक सुरुवातीची खूण.

रक्त देण्याआधी

इथं मी थोडी रेंगाळणार, कारण चुकीच्या तयारीनं दिलेलं रक्त चुकीचा दिलासा देतं. तपासणीच्या आधी आठ दिवस गोड बंद करून येणारे मी शेकड्यांनी बघितले. तुम्ही रोज जसे जगता तसेच या. उपास दहा ते बारा तासांचा, पाणी चालतं. "बिनसाखरेचा" दुधाचा चहा चालत नाही. जेवणानंतरची शुगर पहिल्या घासापासून दोन तासांनी, जेवण संपल्यापासून नव्हे. आणि त्या दिवशी एक इडली खाऊन येऊ नका, रोजचा नाश्ता करा, त्याच्याबरोबरची रोजची गोळीही घ्या. उपाशीपोटी शुगरची गोळी घेऊन रांगेत उभं राहू नका. मी दोघांना लॅबच्या पायरीवर चक्कर येऊन पडलेलं बघितलंय. बीपीच्या गोळीचं काय करायचं ते आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा.

एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा हिशेब, कारण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस तिच्यावर साखर चिकटत राहते. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या आधीची पायरी, ६.५ पासून डायबेटिस. पण आपल्याकडच्या बऱ्याच बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं. लोह कमी असलं की हा आकडा खोटाच चढा येऊ शकतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर त्यावर विसंबताच येत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडं सिकलसेल बराच आहे, तिथल्यांनी हे लक्षात ठेवावं. म्हणून एचबीए१सीच्या शेजारी हिमोग्लोबिनही लिहून ठेवा.

कोलेस्टेरॉलच्या कागदावर एक वजाबाकी स्वतः करा. टोटलमधून एचडीएल वजा करा. जे उरतं ते नॉन-एचडीएल, म्हणजे वाहिन्यांत थर जमवणारं सगळं. हे का करायचं? बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजलेलं नसतं, गणितानं काढलेलं असतं: टोटल वजा एचडीएल, वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असलं की या गणितात एलडीएल कमी दिसतं, आणि डायबेटिसवाल्यांचं नेमकं तेच वाढलेलं असतं. दादाचं एलडीएल ११२ होतं, बघायला ठीक. टोटल १९७, एचडीएल ३३. नॉन-एचडीएल १६४. डायबेटिस असणाऱ्याचं ते १३० च्या आत हवं, जोखीम जास्त असेल तर १०० च्या आत, आणि अॅटॅक येऊन गेलेल्याचं ८५ च्या आत.

लघवीचा एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण, ही तपासणी फार राहून जाते. सकाळची पहिली लघवी द्यायची. ३० च्या आत हवा. किडनीची गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचे झुबकेच. तिथून प्रथिन गळायला लागलं की हृदयाच्या वाहिन्याही दुखावलेल्या असण्याची शक्यता मोठी. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी, आदल्या दिवशीची भारी मेहनत यांनी तो खोटा वाढतो, म्हणून एकदा वाढला तर घाबरू नका, तीन ते सहा महिन्यांत पुन्हा दोनदा करा. सोबत रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, लिहा. ६० च्या खाली गेला तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

लायपोप्रोटीन ए ही तपासणी आयुष्यात एकदा करावी, विशेषतः घरात कुणाला पन्नाशीच्या आत अॅटॅक आला असेल तर. हा कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, त्याचं प्रमाण घराण्यातून वारशानं येतं, पथ्यानं फारसं हलत नाही. वाढलेलं निघालं तर बाकीचे आकडे जास्त कडक ठेवायचे.

बीपी घरी, दंडावरच्या मशीनवर

मनगटाचं मशीन नको. आधी लघवीला जाऊन या. चहा, तंबाखू, चालणं यानंतर अर्धा तास जाऊ द्या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला आणि उघड्या दंडावर. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, दोन्ही लिहा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ केलं की पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर ते बीपीच, "धावत आलो म्हणून" हे कारण चालत नाही. शुगर आहे त्यांनी सहसा १३०/८० च्या आत राहावं.

पान भरल्यावर

डॉक्टरांपुढं वही उघडी ठेवा आणि विचारा, "यातला कुठला आकडा अजून हद्दीबाहेर आहे, आणि त्यासाठी काय करायचं?" शुगर उतरली म्हणून बाकी सगळं आपोआप उतरतं असं नाही. डेन्मार्कमधल्या स्टेनो केंद्रात डायबेटिस आणि लघवीतून प्रथिन जाणाऱ्या १६० जणांवर अभ्यास झाला. निम्म्यांची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट, खाणं, चालणं सगळं एकदम धरलं. सुमारे आठ वर्षांत त्यांच्यातले हृदयविकार, पक्षाघात असले प्रकार जवळपास निम्म्यावर आले. २१ वर्षांनी बघितलं तर ही माणसं जवळपास आठ वर्षं जास्त जगली होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या खिडकीतून घडी होऊन गेलेले ते सगळे कागद आठवले.

"एलडीएल बरं आहे, मग स्टॅटिन कशाला?" असं कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या या गोळीबद्दल मला फार लोक विचारतात. चाळिशीनंतर डायबेटिस असेल तर स्टॅटिन अॅटॅक टाळण्यासाठी देतात, आकडा बरा असला तरीही. शेजाऱ्याचं ऐकून ती बंद करू नका. अंग दुखलं तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. दुसरं विचारायचं ते एम्पाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या, लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या डायबेटिसच्या गोळ्यांबद्दल. २०१५ च्या मोठ्या अभ्यासात, हृदयविकार असलेल्या डायबेटिसच्या रुग्णांत हृदयामुळं होणारे मृत्यू या गोळीनं ३८ टक्क्यांनी कमी झाले. या गोळ्या किडनीलाही सांभाळतात. २०२५ च्या मार्चमध्ये पेटंट संपल्यावर ती आपल्याकडं पुष्कळ स्वस्त झाली, म्हणून आधी "परवडत नाही" म्हणून सोडली असेल तर पुन्हा विचारा. लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवावी लागते, आणि उलट्या-जुलाब किंवा ऑपरेशन असेल तर ती थांबवायची का ते आधी विचारून ठेवायचं.

ताटाचं सांगते, थोडक्यात. ज्वारीची भाकरी गव्हापेक्षा बरी म्हणून तीन खाल्ल्या तर हिशेब तोच राहतो. भाकरी एक कमी करा, मटकीची उसळ, पिठलं, अंडं किंवा मासा वाढवा. कोशिंबीर आणि उसळ आधी, भाकरी-भात नंतर, नुसत्या या क्रमानंही जेवणानंतरची शुगर कमी चढते. गूळ साखरच आहे. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च, एकादशीच्या एका ताटात तो दिवसभराचं काम बिघडवतो. भगरही मोजूनच. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू असेल तर निरंकार उपास करूच नका, शुगर एकदम खाली जाते. तेल महिन्याचं एकदम भरा, माणशी अर्धा किलोच्या आसपास, आणि डबा संपला की महिना संपेपर्यंत नवीन आणू नका. वहिनीनं हेच केलं. पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठही बीपीत मोजायचं.

आणि मिश्री. आमच्या भागातल्या किती बायका "मी तंबाखू खात नाही" म्हणतात आणि सकाळी दात घासायला मिश्री लावतात. मिश्री तंबाखूच आहे. तिच्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं. वहीत एक रकाना याचाही हवा.

जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं दादाला सगळ्यात सोपं गेलं. चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर उचलतो. रात्रीच्या जेवणानंतर तो आणि वहिनी बागेच्या बांधावरून एक फेरी मारतात. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करतो. त्याच्या पानावर आता कंबर ८९, ट्रायग्लिसराइड १४१, नॉन-एचडीएल ७८.

ज्यांना गरोदरपणी शुगर झाली होती त्यांनी बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत ग्लुकोज पिऊन तपासणी करावी आणि पुढं दर एक ते तीन वर्षांनी. "बाळंतपणानंतर गेली" म्हणून वही मिटू नका, अशा बायकांना पुढं डायबेटिस आणि हृदयविकार दोन्हींची जोखीम जास्त असते.

शेवटच्या पानावर काय लिहायचं

डायबेटिस जुना असला की हृदयाची वेदना सांगणाऱ्या नसा मंदावतात, म्हणून छातीत दुखायची वाट बघू नका. कारण नसताना दरदरून घाम, एकाएकी दम, जबडा किंवा हात जड, न थांबणारी मळमळ, पोटात वर जळजळ आणि सोबत कासावीस. यातलं काही झालं तर थंड दूध नाही, पित्ताची गोळी नाही, सकाळ होण्याची वाट नाही. १०८ ला फोन करा. रुग्णाला चालवू नका, त्याला गाडी चालवू देऊ नका. पहिला ईसीजी चांगला आला तरी घरी जायची घाई करू नका. ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी आणि थोड्या वेळानं दुसरा ईसीजी मागा. पायावर सूज, रात्री आडवं पडल्यावर दम लागणं, उशा वाढत जाणं, हे हृदय कमजोर पडत असल्याचं लक्षण असू शकतं. त्याच आठवड्यात दाखवा.

या पानावर चालू औषधांची नावं डोससकट लिहा, अॅलर्जी लिहा, आणि तुमच्या जुन्या ईसीजीची झेरॉक्स चिकटवा. मूळ ईसीजीचा कागद दोन-तीन वर्षांत पुसट होतो, म्हणून झेरॉक्सच. तातडीच्या खोलीतले डॉक्टर नवीन पट्टी हातात आल्याबरोबर आधी विचारतात, "जुना ईसीजी आहे का?"